सिंदीहून डुइसबुर्गला

नागपूरच्या आमच्या कॉलेजात एमबीएच्या दुसऱ्या वर्षी परदेशी अभ्यासदौऱ्याचा फॉर्म देतात. 2023 च्या सप्टेंबरात तो माझ्या हाती आला तेव्हा त्यावर तीन पर्याय होते: दुबई, सिंगापूर आणि जर्मनी-नेदरलँड्स. एकावर खूण करायची, खाली चार ओळींत कारण लिहायचं आणि महिनाअखेर परत द्यायचा. वर्गातल्या बऱ्याच जणांनी तो त्याच दिवशी भरून टाकला. दुबईचा खर्च कमी, व्हिसा लवकर, जेवणाखाण्याची अडचण नाही. सिंगापूर म्हणजे शिस्त, स्वच्छता, आणि पुढे मुलाखतीत नाव चांगलं दिसतं. ही कारणं खोटी नव्हती. पण या तिन्ही ठिकाणी जाऊन मी नक्की काय पाहणार, हे मला सांगता येत नव्हतं, म्हणून फॉर्म कोराच घेऊन मी घरी आले.

घर म्हणजे सिंदी रेल्वे. नागपूरहून वर्ध्याकडे निघालं की बुटीबोरी, बोरखेडी आणि मग सिंदी. पणन मंडळाच्या रोजच्या भावांच्या यादीत कापूस, सोयाबीन, तुरीपुढे ‘सिंदी (सेलू)’ असं नाव येतं, ती आमची बाजार समिती. आमचं घर कापसाचं. बाबा कापूस खरेदी करून जिनिंगला देतात, काकांचे ट्रक आहेत. क्विंटलभर कापसातून रुई किती उतरली यावर आमच्याकडे हंगाम बरा की वाईट ते ठरतं. उतारा पस्तिसाला टेकला तर बाबा खुशीत, बत्तिसावर आला तर जेवताना कोणी फारसं बोलत नाही. ही सगळी रुई एकशे सत्तर किलोच्या गठाणींत दाबून ट्रकवर चढते आणि गावाबाहेर जाते. पुढे तिचं काय होतं, हे मोठी होईपर्यंत मी कधी विचारलं नव्हतं.

गावाजवळ ‘ड्राय पोर्ट’ होणार म्हणून 2017 साली भूमिपूजन झालं तेव्हा मी अकरावीत होते. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराचं हे कोरडं बंदर. वर्धा जिल्ह्यात सिंदीला एक आणि मराठवाड्यात जालन्याला एक. पुढे सिंदीच्या कामाला मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क असं नाव मिळालं, राष्ट्रीय महामार्गांची लॉजिस्टिक कंपनी त्यात आली आणि खासगी भागीदारीतून दीडशे एकरांवर 673 कोटींचा प्रकल्प ठरला. गावात त्याबद्दल दोनच प्रकारे बोललं जायचं. एक, जमिनीचे भाव. दोन, पोरांना नोकऱ्या लागणार. कसल्या नोकऱ्या, किती, आणि गावाच्या पदरात आणखी काय पडणार, याचं नीट उत्तर मला कोणाकडून मिळालं नाही. फॉर्म समोर ठेवून बसले तेव्हा हा प्रश्न पुन्हा पुन्हा मनात येत होता.

त्या दिवसांत तान्हा पोळा होता. सिंदीचा तान्हा पोळा आमच्या भागात प्रसिद्ध आहे. लाकडाचे मोठमोठे नंदी बाहेर निघतात आणि बाहेरगावी गेलेली माणसं त्यासाठी गावात येतात. त्यांत आखातात राहून आलेलेही असतात. मी त्यांना दुबईबद्दल विचारत सुटले. सगळ्यांनी इमारती, रस्ते, पगार सांगितले. तिथलं जेबेल अली बंदर कोणी आतून पाहिलं नव्हतं. बाबा ओसरीवर बसून ऐकत होते. रात्री म्हणाले, “दुबईले आपल्या गावचा कोण नाई गेला? तिथं जाऊन तू असं का पाहशीन जे त्यायनं नाई पाह्यलं?”

“मग कुठं जाऊ बाबा, तुमीच सांगा.”

“आपली रुई कुठं जाते थे पाहून ये ना.”

आणि त्यांनीच सांगितलं: बांगलादेशात. आपल्या देशातून बाहेर जाणाऱ्या रुईचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश आहे, तो जगातल्या सगळ्यात मोठ्या कापूस आयातदारांपैकी एक आहे. तिथं सूत निघतं, कपडे शिवले जातात आणि ते युरोप-अमेरिकेच्या दुकानांत लागतात. खरं सांगायचं तर माझ्यासाठी ढाका ही सगळ्यात योग्य जागा होती. सरांना विचारलं. कॉलेजचा तिथं कोणाशी करार नव्हता आणि एका विद्यार्थिनीसाठी दौरा काढता येत नव्हता. मला आजही वाटतं की विदर्भातल्या प्रत्येक व्यवस्थापन कॉलेजच्या यादीत ढाका असायला हवं. आमच्या कापसाचा भाव ज्या गिरण्यांच्या मागणीवर चढतो-उतरतो, त्या गिरण्या आमच्या मुलांनी पाहिलेल्या नाहीत.

काकांचं म्हणणं वेगळंच. “बंदर शिकाले परदेशात जाऊन रायली, पण अजनीचा कंटेनर डेपो तरी पाह्यला का तुनं?”

पाहिला नव्हता. कॉलेजपासून तो हाकेच्या अंतरावर म्हणावा असा, आणि मी रोज रेल्वेतून त्याच्या बाजूनं जात होते. काकांच्या ओळखीनं एका दुपारी आत जायला मिळालं. तिथल्या एका बाबूंनी मला कंटेनरच्या दाराशी उभं करून सगळं दाखवलं. माल भरून दार बंद झालं की कडीत एक जाड सळईसारखं सील ठोकतात, त्याला ते बॉटल सील म्हणतात. त्यावर नंबर असतो. एकदा बसलं की कापल्याशिवाय निघत नाही. कस्टमची तपासणी, कागद, शिक्के सगळं इथंच होतं. मग मालगाडी न्हावाशेवाला, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदरात जाते आणि तिथं कंटेनर न उघडता जहाजावर चढतो. म्हणजे निर्यातदाराच्या दृष्टीनं बंदराचं निम्मं काम नागपुरातच उरकलेलं असतं. कोरडं बंदर याचा अर्थ मला त्या सीलला हात लावल्यावर कळला. पुस्तकातली व्याख्या मी त्याआधी परीक्षेत लिहून आले होते.

त्याच आठवड्यात ग्रंथालयात जमशेदजी टाटांबद्दल वाचत होते. कॉलेजच्या कोणत्याही पत्रकापेक्षा मला त्याचा उपयोग जास्त झाला. कापडाची गिरणी काढायची म्हणून ते 1870 नंतरच्या काळात इंग्लंडला गेले आणि लँकेशायरच्या गिरण्या त्यांनी नीट पाहिल्या. परत आल्यावर गिरणी मुंबईत काढली असती तर कोणाला नवल वाटलं नसतं. तिथं गिरण्या होत्या, पैसा होता, बंदर होतं. त्यांनी नागपूर निवडलं. भोवती कापूस पिकत होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, आणि रेल्वे 1867 साली नागपूरला पोचली होती. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा त्यांनी घेतली आणि 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. मिल चालवायला जो माणूस निवडला, ते बेझनजी मेहता, ते जीआयपी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले. गिरणीचा अनुभव त्यांना नव्हता. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. लँकेशायर पाहायला जाताना आपल्याला कापूस, कोळसा, रेल्वे यांचं काय करायचं आहे हे जमशेदजींच्या डोक्यात होतं. परदेशाची जागाही त्या हिशेबानं ठरली आणि परत आल्यावर देशातली जागाही.

आता तीन पर्याय मी त्याच नजरेनं पाहू लागले. सिंगापूर जगातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांत आहे, पण तिथला बहुतेक माल एका जहाजातून उतरतो आणि दुसऱ्यात चढतो. जगाच्या जलमार्गांवर अशा ठिकाणी बसलेल्या शहराचा तो धंदा आहे. जेबेल अली 1979 साली सुरू झालं आणि 1985 मध्ये तिथं मुक्त व्यापार क्षेत्र आलं. त्याचाही मोठा भाग माल आणून पुढे पाठवण्याचा. दोन्हीकडे शिकण्यासारखं भरपूर आहे, ते मी नाकारत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाला जहाज कंपनीत जायचं होतं, त्यानं सिंगापूर निवडलं ते बरोबरच केलं. पण सिंदीला समुद्र नाही. कंटेनर सिंदीत भरला जाईल किंवा रिकामा होईल. आठशे किलोमीटर दूरच्या बंदराशी आमचं नातं रेल्वेच्या रुळांचं असणार.

असं समुद्रापासून दूर असलेलं बंदर जगात कुठं आहे ते शोधायला लागले. स्पेनमध्ये माद्रिदजवळ कोस्लादाला आहे, ते तर आमच्यासारखंच रुळांवर जगणारं. चीनमध्ये शिआनला आहे. दोन्ही यादीत नव्हती. आणि मग डुइसबुर्ग सापडलं: जर्मनीत ऱ्हाइन आणि रुर या नद्यांच्या संगमावर, जगातलं सगळ्यात मोठं अंतर्देशीय बंदर मानलं जाणारं. 2011 पासून चीनच्या चोंगचिंगहून तिथपर्यंत मालगाडी येते, अकरा हजार किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास. गंमत म्हणजे दौऱ्याच्या जर्मनीच्या पर्यायात डुइसबुर्गचं नाव नव्हतं. ड्युसेलडॉर्फ होतं, जे त्याला अगदी लागून आहे.

तेव्हा मी दौऱ्याचं वेळापत्रक पेन्सिल घेऊन वाचायला बसले. हे प्रत्येकानं करावं असं माझं मत आहे. ज्या प्रवासी कंपनीनं ते बनवलं होतं तिनं प्रत्येक दिवसापुढे काहीतरी ‘भेट’ लिहिली होती. त्यातल्या कोणत्या भेटीत कोणी माणूस आपल्याशी धंद्याबद्दल बोलणार आहे आणि कोणत्या ठिकाणी नुसतं बसमधून उतरून फोटो काढायचे आहेत, हे मी खुणा करून वेगळं केलं. तिन्ही दौऱ्यांची तीच तऱ्हा होती. जर्मनी-नेदरलँड्सच्या दौऱ्यातही अभ्यास कमी, कालव्यातली बोट, बाजार आणि कॅथेड्रल जास्त. फॉर्मवर जर्मनी-नेदरलँड्सवर खूण केली आणि कारणाच्या जागी पुरवणी जोडली: आमच्या गावी कोरडं बंदर होत आहे, रोटरडॅमला समुद्राचं बंदर पाहू आणि तिथला माल नदीनं-रेल्वेनं आत कसा येतो ते डुइसबुर्गला पाहू, म्हणून ड्युसेलडॉर्फच्या बाजारहाटाचा दिवस डुइसबुर्गला द्यावा. सरांनी ते वाचून मला केबिनमध्ये बोलावलं, बराच वेळ नकाशा पाहिला आणि मान्य केलं. बंदराला पत्रही त्यांनीच लिहिलं.

पैशांची बाजू सोपी नव्हती. हा दौरा दुबईच्या दुपटीहून महाग होता. आई पहिल्यांदा थंडीचं बोलली, “सोबत कोण हाय?” विचारलं, आणि मग आपल्या भिशीचे पैसे काढून दिले. व्हिसाची कथा शेतकरी घरांनी ऐकून ठेवावी अशी आहे. शेंगेन देशांत ज्या देशात जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा; आमचा मुक्काम जर्मनीत जास्त म्हणून जर्मनीकडे. तीस हजार युरोंचा आरोग्य विमा लागतो, तिकिटं, राहण्याची सोय आणि मागच्या काही महिन्यांचा बँकेचा उतारा लागतो. आता कापसाच्या घराचा जून ते नोव्हेंबरचा उतारा कसा दिसतो? पैसे जातात, येत नाहीत. आवक सुरू होते ती दिवाळीनंतर. नोकरदार घरच्या मुलींच्या खात्यात दर महिन्याला पगाराची ओळ होती, आमच्याकडे खरेदीची उचल आणि मजुरी. आमच्या सीएंनी बाबांची तीन वर्षांची आयकर विवरणं, बाजार समितीचा परवाना आणि हंगामाचा हिशेब सांगणारं एक पानभर पत्र जोडलं. व्हिसा मिळाला.

2024 च्या फेब्रुवारीअखेर आम्ही रोटरडॅमला होतो. युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर, समुद्रात भर घालून वाढवलेलं. माणूस नसलेल्या गाड्या कंटेनर घेऊन आपापल्या वाटेनं फिरतात आणि वळणावर एकमेकींसाठी थांबतात. तिथून जर्मनीच्या सीमेपर्यंत फक्त मालगाड्यांसाठी बांधलेली सुमारे 160 किलोमीटरांची वेगळी लाइन आहे, 2007 साली सुरू झालेली. ते ऐकल्याबरोबर मला आमची नागपूर-सेवाग्राम लाइन आठवली. मालगाडीला वाट देण्यासाठी पॅसेंजर किती वेळा थांबवतात आणि उलट एक्सप्रेससाठी मालगाडी किती वेळ बाजूला उभी असते, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. तिसरी-चौथी लाइन होतेय, ती कोरड्या बंदरासाठी किती गरजेची आहे हे त्या दिवशी मला नीट उमगलं.

डुइसबुर्गच्या ऱ्हाइनहाउझन भागात एका अवाढव्य क्रेनखाली आम्ही उभे होतो. क्रेनच्या पायांमध्ये एका बाजूला रूळ, मध्ये ट्रकचा रस्ता, दुसऱ्या बाजूला नदी. वरून एक चौकट खाली आली, कंटेनरच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांत तिचे खिळे बसले, फिरले, आणि डबा वाघिणीवरून उचलला जाऊन बोटीवर टेकला. बोलायला सुरुवात केलेलं वाक्य संपायच्या आत हे झालं. आमच्यासोबतच्या अधिकारी बाईंनी सांगितलं की चीनहून येणाऱ्या गाडीचे डबे वाटेत दोनदा असेच उचलावे लागतात, कारण चीन आणि युरोपचे रूळ 1435 मिलिमीटरांचे, मधल्या कझाकस्तान, रशिया, बेलारूसचे 1520. युक्रेनच्या युद्धानंतर बरेच व्यापारी या गाडीपासून दूर गेले होते, आणि आता तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागल्यावर पुन्हा चौकशा येत होत्या. नदीचाही भरवसा नसतो. 2018 च्या दुष्काळात ऱ्हाइन इतकी आटली की काउब इथल्या मापावर पंचवीस सेंटिमीटर पाणी उरलं होतं आणि बोटी अर्ध्याहून कमी भरून चालवाव्या लागल्या. तेव्हा रुळांनी तारलं.

पण मी ज्यासाठी आले होते ते क्रेनखाली नव्हतं. ही सगळी जागा पूर्वी क्रुप कंपनीच्या पोलाद कारखान्याची होती. 1987 साली तो बंद करायचं ठरलं तेव्हा कामगारांनी ऱ्हाइनवरचा पूल अडवला. त्या पुलाचं नाव आज ‘एकजुटीचा पूल’ आहे. लढा महिनोन्‌महिने चालला, तरी 1993 मध्ये कारखाना बंदच झाला. त्या जमिनीवर मग गोदामं आणि रेल्वे टर्मिनल उभं राहिलं. जवळच क्रुपनं बांधलेली कामगारांची जुनी वस्ती आहे. तिथं एक निवृत्त गृहस्थ भेटले, वडील आणि स्वतः दोघेही कारखान्यात. सरांच्या ओळखीची मुलगी दुभाषी होती. त्यांनी सांगितलं की काम आलं, पण भट्टीवर होतं तसं नाही. जागा जास्त लागते आणि माणसं कमी. चांगलं काम कुठं मिळतं, असं मी विचारलं. जिथं डबा उघडून काहीतरी केलं जातं तिथं, असं त्यांचं उत्तर होतं: मोटारींचे सुटे भाग जुळवणं, पेट्या बांधणं, तपासणी. नुसता डबा इकडून तिकडे ठेवायला क्रेनवाला एक पुरतो. मला एम्प्रेस मिल आठवली. तीही 2002 मध्ये बंद झाली.

दुसरी गोष्ट मी अधिकारी बाईंना विचारून वहीत लिहून घेतली. बंदराच्या कंपनीत दोन तृतीयांश वाटा नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याचा आहे आणि एक तृतीयांश डुइसबुर्ग शहराचा. म्हणजे गोदामाचं भाडं वाढलं तर शहराच्या तिजोरीत भर पडते आणि नवीन रस्ता कुठून काढायचा या चर्चेत शहराची खुर्ची असते. सिंदीच्या प्रकल्पात केंद्राची कंपनी आहे, जवाहरलाल नेहरू बंदर आहे, खासगी विकासक आहे. आमची नगरपरिषद कुठं आहे? हा प्रश्न मी दौऱ्याच्या अहवालात पहिल्याच पानावर लिहिला. त्याखाली मागणी लिहिली: पार्कमध्ये रुईच्या प्रतवारीची प्रयोगशाळा हवी, गठाणी इथंच कंटेनरमध्ये भरून सील व्हाव्यात, सेलू तालुक्याच्या आयटीआयमधून त्या कामाचं प्रशिक्षण मिळावं. अहवालाची मराठी प्रत बाबांनी बाजार समितीत दिली, काकांनी नगरपरिषदेत. बाजार समितीत तीनदा चर्चा झाली आणि प्रयोगशाळेचा ठराव झाला.

आता कॉलेज सोडलं तरी ज्युनिअर मुली फोन करतात. यंदा वरूडची एक मुलगी विचारत होती, दुबई घेऊ का सिंगापूर. तिच्या घरी संत्र्याची बाग. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेल्यापासून त्यांच्या मालाचं गणित बिघडलंय. आंबिया बहाराचा माल देशी बाजारात एकदम येतो आणि भाव पडतो. मी तिला विचारलं, तुमच्यासारखी लहान बागाईतदारांची संत्री परदेशात कोण विकतं? तिनं दोन दिवसांनी स्वतःच शोधून सांगितलं: स्पेनमध्ये वॅलेन्सियाकडच्या सहकारी संस्था, ज्यांची पॅकहाउसं फेब्रुवारी-मार्चमध्येही चालू असतात. स्पेन यादीत नाही. सरांनी सांगितलंय की दहा मुलं जमवा, मी पत्रव्यवहार करतो. मोर्शीची एक, काटोलच्या दोघी आणि नरखेडचा एक मुलगा तयार झालेत. कळमेश्वरच्या एका मुलीच्या वडिलांशी मी रविवारी बोलणार आहे.